गच्चीवरच्या डिशमधून क्यूओ-१०० : क्लबसाठी कायमचा रिसीव्हर

एसहेल-२ हा कतारचा टीव्ही उपग्रह १५ नोव्हेंबर २०१८ रोजी फाल्कन-९ रॉकेटवरून गेला आणि विषुववृत्तावर सुमारे २५.९ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला. टीव्हीच्या सामानासोबत त्यावर हौशी रेडिओचे दोन ट्रान्सपॉन्डर (खालून आलेला सिग्नल दुसऱ्या वारंवारतेवर परत खाली पाठवणारी यंत्रं) आहेत. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, त्यालाच क्यूओ-१०० म्हणतात. भूस्थिर कक्षेतला हा पहिलाच हॅम ट्रान्सपॉन्डर. बाकीच्या हॅम उपग्रहांसाठी अँटेना हातात धरून आकाशात फिरवावी लागते आणि दहा-बारा मिनिटांत पास संपतो. इथे डिश एकदा लावली की चोवीस तास सिग्नल. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा भाग त्याच्या टप्प्यात येतो, म्हणजे अख्खा महाराष्ट्र आणि गोवा आत.

क्लबसाठी यापेक्षा चांगला प्रकल्प सापडणं अवघड आहे. डिश, आरएफ (रेडिओ लहरींचं तंत्र), लिनक्स, पायथन, नेटवर्क असं सगळं एकाच कामात येतं आणि प्रत्येक सभासदाला त्याच्या आवडीचा तुकडा मिळतो. अडचण अशी की इंटरनेटवरचं बहुतेक मार्गदर्शन युरोपातल्या लोकांनी लिहिलेलं आहे. त्यांचा उपग्रह जवळपास दक्षिणेला असतो, आपला पश्चिमेला. एवढ्या फरकाने एलएनबी (डिशसमोर बसणारा, सिग्नल पकडून खालच्या वारंवारतेवर आणणारा डबा) कसा बसवायचा याचं उत्तरच बदलतं. म्हणून हे आपल्याकडच्या आकड्यांसह लिहीत आहोत.

हे सगळं फक्त ऐकण्यापुरतं आहे. वर पाठवायचं तर २४०० मेगाहर्ट्झवर पाठवावं लागतं. तो विषय वेगळा, आणि त्याआधी आपल्या परवान्यात कोणत्या पट्ट्या लिहिल्या आहेत ते नीट वाचावं.

दिशा

पुण्यातून दिगंश २५४ अंश, उंची ३२ अंश. मुंबईतून २५३ आणि ३३. नागपुरातून २५५ आणि २६. पणजीतून २५६ आणि ३३. दिगंश उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला आहे, म्हणजे डिशचं तोंड पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे होकायंत्राचा आकडा तसाच चालतो. फक्त लोखंडी कठड्यापासून आणि पाण्याच्या टाकीच्या सांगाड्यापासून दोन-तीन मीटर लांब उभं राहून वाचावा.

जागा निवडताना पश्चिमेचा अडथळा आधी पाहा. ३२ अंश उंचीला हिशेब सोपा आहे: २० मीटरवरची इमारत किंवा झाड डिशपेक्षा साडेबारा मीटरपर्यंत उंच असेल तरच चालेल, त्याहून उंच असेल तर सिग्नल अडतो. नागपुरात उंची कमी असल्याने हीच मर्यादा दहा मीटरच्याही खाली येते.

जुनी ६० सेंटिमीटरची डीटीएच डिश पुरते. ९० सेंटिमीटरची मिळाली तर पावसाळ्यात फायदा होतो. या डिश ऑफसेट प्रकारच्या असतात, म्हणजे त्यांचं तोंड जिकडे दिसतं त्याच्या बरंच वर त्या बघत असतात. ऑफसेट कोन काढायला डिशची रुंदी भागिले उंची करा. येणारा आकडा म्हणजे त्या कोनाची कोसाइन. ६० रुंद आणि ६५.५ उंच डिशचा कोन सुमारे २४ अंश येतो. मग पुण्यात डिशचा पृष्ठभाग उभ्या रेषेपासून ३२ वजा २४, म्हणजे फक्त ८ अंश मागे कलतो. नागपुरात जेमतेम २. हीच डिश डीडी फ्री डिशसाठी ९३.५ अंशांवर लावलेली असते तेव्हा पुण्यातून ती ३५ अंश कललेली दिसते. ती सवय डोळ्यात बसलेली असते, म्हणून जवळजवळ उभी डिश पाहून 'ही खाली बघतेय' असं वाटतं आणि हात आपोआप ती वर उचलतो. पहिल्या दिवशी काहीच न सापडण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. कोन मोबाइलच्या इन्क्लिनोमीटरने डिशच्या वरच्या आणि खालच्या कडेला उभी पट्टी टेकवून मोजा, मनाने ठरवू नका.

सूर्य इथे फुकटचा मदतनीस आहे. १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस, दुपारी चार ते साडेचारच्या दरम्यान, पुण्यातून पाहिलं तर सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागून जातो. त्या वेळी जागेवर उभं राहून सूर्याकडे कुठली फांदी येते ते पाहिलं की अडथळ्याचा प्रश्न कायमचा मिटतो. सिग्नल लागल्यावरही त्या दिवसांत काही मिनिटं गोंगाट वर चढलेला दिसतो. तो बिघाड नाही, तो सूर्य.

एलएनबी किती फिरवायचा

युरोपातला माणूस एलएनबी दहा-वीस अंश फिरवतो आणि विसरून जातो. आपल्याकडे उपग्रह रेखांशाने ४७ ते ५३ अंश पश्चिमेला आणि आपण विषुववृत्ताजवळ, त्यामुळे ध्रुवीकरणाचा (लहर कोणत्या दिशेत कंप पावते त्याचा) कल मुंबईत ६५, पुण्यात ६६, नागपुरात ६४ आणि पणजीत ६९ ते ७० अंश येतो. उपग्रहावरून 'उभं' निघालेलं ध्रुवीकरण आपल्या गच्चीवर जवळजवळ आडवं पोचतं.

नॅरोबँड ट्रान्सपॉन्डर, म्हणजे मोर्स, आवाज आणि छोटे डिजिटल मोड जिथे चालतात तो, उभ्या ध्रुवीकरणात आहे. एलएनबीला किती व्होल्ट दिले यावर त्याचा उभा किंवा आडवा प्रोब (सिग्नल पकडणारी तार) निवडला जातो. पुस्तकी नियमाने उभ्यासाठी एलएनबीला १२-१३ व्होल्ट द्यायचे. पण एलएनबी सरळ ठेवून १३ व्होल्ट दिले तर पुण्यात सिग्नल ७.८ डीबीने (डेसिबलने) पडतो. तोच एलएनबी तसाच सरळ ठेवून १८ व्होल्ट दिले, म्हणजे आडवा प्रोब निवडला, तर नुकसान फक्त ०.८ डीबी. ६६ चा कोसाइन आणि साइन वर्ग करून पाहा, हेच आकडे मिळतील.

म्हणजे दोन रस्ते आहेत. पहिला: १३ व्होल्ट द्या आणि डिशच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे बघत एलएनबी घड्याळाच्या दिशेने ६६ अंश फिरवा. कनेक्टर आधी खाली बघत असेल तर तो आता दक्षिणेच्या बाजूला जातो. डीटीएचच्या साध्या क्लॅम्पमध्ये एवढं फिरवणं बऱ्याचदा जमत नाही. कनेक्टर हाताला अडतो. दुसरा: १८ व्होल्ट द्या आणि उलट दिशेने फक्त २४ अंश फिरवा. कनेक्टर थोडा उत्तरेकडे सरकतो आणि क्लॅम्पही तक्रार करत नाही. आमचं स्पष्ट मत दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने आहे. पावसाच्या दृष्टीनेही कनेक्टर जवळजवळ खाली बघत राहणं चांगलं.

केबलपासून डोंगलपर्यंत

एलएनबी युनिव्हर्सल आणि पीएलएल (वारंवारता क्रिस्टलला बांधलेल्या) प्रकारचा हवा. जुन्या डीटीएच एलएनबीत डायइलेक्ट्रिक रेझोनेटर असतो. तो टीव्हीच्या रुंद सिग्नलला चालतो, पण आपल्या अडीच किलोहर्ट्झच्या आवाजाला नाही. वारंवारता बघता बघता सरकते. २२ किलोहर्ट्झचा टोन दिला नाही की युनिव्हर्सल एलएनबी खालच्या पट्ट्यात राहतो आणि त्याचा लोकल ऑसिलेटर (ज्याची वारंवारता सिग्नलमधून वजा होते तो) ९७५० मेगाहर्ट्झ असतो. आपला डाउनलिंक (उपग्रहाकडून खाली येणारा पट्टा) १०,४८९.५०० ते १०,४९०.००० मेगाहर्ट्झ. वजाबाकी केली की ७३९.५ ते ७४०.० मेगाहर्ट्झ, आणि ते साध्या आरटीएल-एसडीआर डोंगलला (यूएसबीवर लागणाऱ्या छोट्या रिसीव्हरला) सहज ऐकू येतं. ऑसिलेटर खालच्या बाजूला असल्याने पट्टा उलटत नाही, अप्पर साइडबँड अप्परच राहतो. युनिव्हर्सल एलएनबी १०.७ गिगाहर्ट्झच्या वरच्या भागासाठी बनवलेला असतो. आपण थोडे कडेबाहेर आहोत, पण त्याने काम अडत नाही.

केबल आरजी-६. ती ७५ ओहमची आणि डोंगल ५० ओहमचा, याची चिंता नको. त्या विजोडपणात ०.१८ डीबी जातो. २० मीटर केबलमध्ये साडेतीन-चार डीबी जातील, तेही महत्त्वाचे नाहीत, कारण एलएनबीच आधी ५० ते ६० डीबी वाढवून देतो. उलट सिग्नल जास्त होण्याचा धोका मोठा. डोंगलच्या आधी ६ ते १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) लावा आणि डोंगलचा गेन (वाढ) २० डीबीच्या आसपास हाताने ठेवा, ऑटोवर कधीच नाही.

केबलची जाळी मात्र चांगली हवी. आपल्याकडच्या ७०० मेगाहर्ट्झ मोबाइल पट्ट्यात फोनकडून टॉवरकडे जाणारा भाग ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झ आहे, आणि आपले ७३९.५ ते ७४० बरोबर त्याच्या पोटात बसतात. टॉवरकडून येणारा भाग ७५८ च्या वर सुरू होतो आणि समोरच्याच इमारतीवर टॉवर असेल तर तो डोंगलला दाबून टाकू शकतो. पिळून बसवायचे स्वस्त एफ-कनेक्टर आणि एकेरी जाळीची केबल इथे नडतात. दुहेरी जाळी आणि कॉम्प्रेशन कनेक्टर घ्या. वॉटरफॉलमध्ये (पडद्यावर सरकणाऱ्या सिग्नलच्या चित्रात) मधूनच रुंद पट्टे उमटून जात असतील तर फोन केबलपासून लांब नेऊन बघा.

एलएनबीला वीज केबलमधूनच जाते. आरटीएल-एसडीआरमध्ये जो बायस-टी (केबलमध्ये वीज सोडणारा जोड) असतो तो साडेचार व्होल्टचा, एलएनबीला त्याचा उपयोग नाही. बाहेरचा बायस-टी लागतो, आणि त्याच्या डोंगलकडच्या बाजूला डीसी अडवणारा कपॅसिटर आहे याची मल्टिमीटरने खात्री केल्याशिवाय डोंगल जोडू नका. १८ व्होल्ट थेट डोंगलवर गेले तर तो गेलाच. घरी बनवायचा तर १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर पुरतो. ७४० मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा दोन ओहमच्या आसपास आहे. एलएनबी साधारण १०० ते १५० मिलीअँपिअर घेतो. पटकन चाचणी करायची असेल तर जुना सेट-टॉप बॉक्स आणि एकाच तोंडाने वीज जाऊ देणारा सॅटेलाइट स्प्लिटर वापरता येतो: वीज जाणाऱ्या तोंडाला बॉक्स, अडवलेल्या तोंडाला डोंगल, आणि बॉक्सवर खालच्या पट्ट्यातलं आडव्या ध्रुवीकरणाचं चॅनेल. वरच्या पट्ट्यातलं लावलं तर टोन जातो आणि एलएनबी १०,६०० वर उडी मारतो. बॉक्स झोपला की वीजही जाते, म्हणून कायमसाठी वेगळा १८ व्होल्टचा सप्लाय हवा.

आता डिश हलवण्याआधी एक परीक्षा. वॉटरफॉल चालू ठेवून एलएनबीची वीज काढा. गोंगाटाची पातळी दहा-एक डीबीने तरी खाली पडली पाहिजे. पडली नाही तर दोष डिशच्या दिशेत नाही. केबल, वीज किंवा गेन यांत आहे. हे न बघता तासभर डिश हलवणं म्हणजे वाळूतून तेल काढणं.

परीक्षा पास झाली की १०,४८९.७५० वरचा मधला बीकन (उपग्रहाचा सतत चालू असणारा खुणेचा सिग्नल) शोधा. ४०० बिट प्रति सेकंदाचा तो पीएसके (लहरीची कला, म्हणजे फेज, बदलून बिट पाठवणारा) सिग्नल वॉटरफॉलमध्ये दोन शेजारी पट्ट्यांसारखा दिसतो, मधे फट असते. एलएनबीच्या चुकीमुळे तो ७३९.७५० ला सापडणार नाही, आजूबाजूला शंभर किलोहर्ट्झपर्यंत बघा. ६० सेंटिमीटर डिशचा झोत सुमारे सव्वातीन अंश रुंद असतो, म्हणून डिश एका वेळी एक अंश सरकवून पाच-सात सेकंद थांबा. बीकन लागला की आधी दिशा, मग उंची, मग एलएनबीचं फिरवणं, मग एलएनबी पुढे-मागे, या क्रमाने जास्तीत जास्त करा आणि बोल्ट आवळताना वॉटरफॉलवर नजर ठेवा. आवळताना डिश हमखास हलते.

सरकणारी वारंवारता

इथून खरं संगणकाचं काम सुरू होतं. पीएलएल एलएनबीत २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि तो ३९० पट होतो. क्रिस्टल दशलक्षात एकाने चुकला की आपल्या सिग्नलवर ९.७५ किलोहर्ट्झची चूक. मे महिन्यात दुपारच्या उन्हात तापलेला एलएनबी आणि पहाटेचा एलएनबी यांत कित्येक किलोहर्ट्झचा फरक पडतो. ढग सूर्यासमोरून गेला तरी आवाज बदलतो.

पक्का इलाज म्हणजे क्रिस्टल काढून जीपीएसला बांधलेल्या ऑसिलेटरचे २५ मेगाहर्ट्झ आत देणं. पण ज्या क्लबकडे तो नाही त्याने उपग्रहावरचाच बीकन प्रमाण मानावा. तो हलत नाही, हलतो तो आपला एलएनबी.

पहिला मोह होतो सॉफ्टवेअरमधल्या पीपीएमच्या (दशलक्षात किती चूक याच्या) चौकटीचा. तो टाळा. तिथे पूर्णांक चालतात आणि ७४० मेगाहर्ट्झला एक पीपीएम म्हणजे ७४० हर्ट्झ. दर वेळी मध्यवारंवारता बदलूनही भागत नाही, कारण या पट्ट्यात डोंगलच्या ट्यूनरची पायरीच दोनशे-सव्वादोनशे हर्ट्झची आहे. बारीक दुरुस्ती आकड्यांमध्येच करावी लागते.

म्हणून रचना अशी: रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर आरटीएल-टीसीपी (डोंगलचे सॅम्पल नेटवर्कवर देणारा प्रोग्रॅम) चालतो, मध्य ७३९.७५ मेगाहर्ट्झ, सेकंदाला १०,२४,००० सॅम्पल. त्याच्या पुढे आपला छोटा पायथन प्रोग्रॅम, आणि त्याच्या पुढे ओपनवेबआरएक्स (ब्राउझरमध्ये ऐकवणारा प्रोग्रॅम), जो आपल्या प्रोग्रॅमलाच आरटीएल-टीसीपी समजून जोडला जातो. आरटीएल-टीसीपी सुरुवातीला १२ बाइटचं शीर्षक पाठवतो. ते जसंच्या तसं पुढे द्या, नाहीतर ओपनवेबआरएक्स जोडणी नाकारतो. उलट दिशेने येणारे हुकूम ५ बाइटचे असतात, पहिला बाइट हुकमाचा आणि चार किमतीचे. गेनचा हुकूम पुढे जाऊ द्या. वारंवारता, सॅम्पल दर आणि पीपीएमचे हुकूम मधेच गिळा.

बीकनचं मोजमाप असं करायचं. बाइटमधून १२७.५ वजा करून प्रवाह संमिश्र संख्यांत आणा, बीकनच्या अपेक्षित जागेवर आणून गाळा आणि ६४ ने कमी करा. सेकंदाला १६,००० सॅम्पल उरतील. पीएसकेमध्ये मधली वाहक लहर नसते, त्यामुळे थेट शिखर शोधून चुकीचा आकडा मिळतो, कधी डावी पट्टी तर कधी उजवी. त्याऐवजी प्रत्येक सॅम्पलचा वर्ग करा. शून्य आणि १८० अंशांचा फरक वर्गात नाहीसा होतो आणि दुप्पट वारंवारतेवर एक सुईसारखी रेष उभी राहते. एका सेकंदाचा एफएफटी (वारंवारता वेगवेगळ्या करून दाखवणारं गणित) घ्या, मधलं सर्वांत उंच शिखर पकडा आणि त्याचं अर्धं करा. अर्ध्या हर्ट्झपर्यंत अचूक उत्तर येतं.

यात एक खोच आहे. वर्गाने वारंवारता दुप्पट होते, म्हणून १६,००० च्या प्रवाहात खरी खिडकी फक्त अधिक-उणे ४ किलोहर्ट्झची राहते. त्याच्या बाहेरचा बीकन दुसऱ्या टोकाने आत येतो आणि प्रोग्रॅम आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देतो. म्हणून पहिल्यांदा जागा डोळ्यांनी पाहून द्या, आणि दोन मोजणींत ५०० हर्ट्झपेक्षा जास्त फरक आला तर ती मोजणी टाकून द्या.

मिळालेल्या चुकीइतकं सगळ्या प्रवाहाला फिरवा, म्हणजे प्रत्येक सॅम्पलला उलट फिरणाऱ्या संमिश्र लहरीने गुणा. गुणाकार ६५,५३६ सॅम्पलच्या तुकड्यांत केला तर पाय ४ वर आरामात चालतो. पण लहरीची कला एका तुकड्याच्या शेवटी जिथे थांबली तिथूनच पुढच्या तुकड्यात सुरू झाली पाहिजे. ती दर वेळी शून्यावर आणली तर सेकंदाला पंधरा-सोळा टकटक ऐकू येतात आणि लोक एलएनबीला दोष देतात. दुरुस्तीही एकदम लावू नका. सेकंदाला ५ हर्ट्झपेक्षा जास्त न बदलेल असं बंधन घातलं की ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

ओपनवेबआरएक्समध्ये मध्यवारंवारता १०,४८९.७५ मेगाहर्ट्झ लिहा आणि ऑसिलेटर ऑफसेट उणे ९७५०. चिन्ह उलटं पडलं तर पडद्यावर आकडे दिसतील, सिग्नल नाही. प्रोफाइल एकच ठेवा. ५०० किलोहर्ट्झचा सगळा पट्टा प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये येतो; एकजण खालच्या कडेला मोर्स ऐकेल, दुसरा मधल्या बीकनच्या आसपास आवाज, कुणी कुणाच्या आड येत नाही.

सभासदांना घरून ऐकायचं तर एक अडथळा हमखास येतो: बऱ्याच घरगुती फायबर जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, कंपनीच तो अनेकांत वाटते. राउटरवर पोर्ट उघडून तिथे काही होत नाही. वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा करून सगळ्यांना आत घ्या. कच्चा प्रवाह मात्र बाहेर पाठवू नका. १०,२४,००० सॅम्पल म्हणजे सेकंदाला १६ मेगाबिटहून जास्त. पाय जिन्याच्या खोलीत सावलीत ठेवा, पत्र्याखाली नाही, आणि त्याला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचाच अडॅप्टर द्या. मोबाइलच्या चार्जरवर व्होल्टेज पडतं आणि डोंगल मधेच यूएसबीवरून नाहीसा होतो.

पावसाळ्याआधी एलएनबीच्या कनेक्टरवर स्वतःत मिसळणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि त्यावर साधी काळी टेप. केबल खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोळातून गळून जातं.

प्रोग्रॅमला दर मिनिटाला एक ओळ लिहायला लावा: वेळ, बीकनची चूक, बीकनची ताकद, गोंगाटाची पातळी. जूनमध्ये या ओळी गच्चीवर जाण्याचे कष्ट वाचवतात. बीकन पडला आणि गोंगाट किंचित चढला, तर वर ढगात पाऊस आहे; थांबा. बीकन पडला पण गोंगाट जागच्या जागी, तर वाऱ्याने डिश हलली आहे. दोन्ही एकदम पडले, तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आहे किंवा वीज कमी पोचते आहे. आणि ताकद ठीक असून चूक एकाएकी काही किलोहर्ट्झने उडी मारत असेल, तर पाणी एलएनबीच्या आत क्रिस्टलपर्यंत गेलं आहे. तो वाळवत बसू नका, बदला.